सुट्टीतल्या शाळेची वंशावळ

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर चिंचोटीला आपण भिवंडीच्या रस्त्याला वळलो की थोड्याच वेळात कामण लागते. डाव्या हाताला तुंगारेश्वराची डोंगररांग आणि तिच्यातला कामणदुर्ग, उजवीकडे खाडीच्या दिशेने उतरत गेलेली जमीन, मधून वसई–दिवा लोहमार्ग आणि त्यावरचे कामण रोड नावाचे लहान स्थानक. मे महिन्यात डोंगर तपकिरी पडलेले असतात, रस्त्याच्या कडेला करवंदांचे द्रोण मांडलेले असतात आणि शाळांना कुलूप असते. या दिवसांत वसई-विरार पट्ट्यातल्या कितीतरी लहान प्रोटेस्टंट मंडळ्या मुलांसाठी आठ-दहा दिवसांची एक वेगळी शाळा भरवतात. तिला कुणी ‘सुट्टीतली बायबल शाळा’ म्हणते, कुणी ‘उन्हाळी शिबिर’. पण बहुतेकांच्या तोंडी एकच नाव असते, व्ही.बी.एस. सकाळी दोन-तीन तास, हातवारे करत म्हणायची गाणी, एक गोष्ट, एका वचनाचे पाठांतर, कागद-कात्री-रंगांचे काहीतरी, बिस्किटाचा पुडा आणि शेवटच्या दिवशी आईबापांसमोर कार्यक्रम. शेजारची ख्रिस्ती नसलेली मुलेही येतात, कारण गल्लीतली सगळीच येतात. हा क्रम इतका ठरून गेलेला आहे की तो कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा जुळवला असेल, असे मनातही येत नाही. तो जुळवला गेला १८९८ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कमध्ये, बिअर विकणाऱ्या एका गुत्त्याच्या भाड्याच्या जागेत, आणि जुळवणारी बाई एका बॅप्टिस्ट मंडळीतली होती. पण तिच्यापर्यंत पोहोचायचे तर आपल्याला बरेच मागून निघावे लागेल, आणि निघण्याची जागा कामणपासून फार लांब नाही.

वसईचा कोट १५३४ च्या तहानंतर पोर्तुगीजांच्या हाती आला, आणि मुलांना धर्म शिकवण्याची एक पद्धत त्याच सुमारास या किनाऱ्यावर उतरली. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचला. तो हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे, मुलांना आणि गुलामांना गोळा करून प्रार्थनामंदिरात नेई आणि श्रद्धेची कलमे चालीवर म्हणून घेई. ती गाणी पुढे घराघरांत आणि शेतांत ऐकू येऊ लागली. वसईलाही तो एकाहून अधिक वेळा येऊन गेला. वसईत जेझुइटांपाशी शिकलेला गोन्सालो गार्सिया हा मुलगा पुढे जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. इंग्लंडात जन्मलेला थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने १६१६ साली राशोल येथे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापले. मराठी वाचकाला ते ठाऊक असते. पण त्याच स्टीफन्सने कोंकणीत प्रश्नोत्तरांचे एक लहानसे ‘दौत्रिन’ही रचले होते आणि ते त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये छापले गेले, हे फारसे कुणाला आठवत नाही. गुरूने विचारायचे, मुलाने उत्तर द्यायचे, असे ते पुस्तक. मुलांना हाक मारणारी घंटा, चालीवरचे शब्द, पाठांतर आणि प्रश्नोत्तर ही आजच्या उन्हाळी शाळेची हाडे आपल्याला सोळाव्या-सतराव्या शतकातच दिसतात. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, पोर्तुगीज निघून गेले, आणि इथल्या ख्रिस्ती घरांनी आपली गाणी आणि प्रार्थना स्वतःच्या बळावर जपल्या.

मात्र ही कॅथलिक परंपरा ज्या मुलांना शिकवत होती ती बाप्तिस्मा घेतलेली मुले होती. जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या डोक्यावर पाणी पडलेले असे आणि नाव चर्चच्या वहीत चढलेले असे. बॅप्टिस्टांचे तसे नाही, आणि या लेखातला सगळा प्रवास समजायचा तर हा फरक आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज निर्वासितांमध्ये उदयाला आलेल्या या पंथाचे म्हणणे असे, की विश्वास ज्याचा त्याने समजून-उमजून कबूल करायचा असतो आणि त्यानंतरच पाण्यात उतरायचे असते. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नाही. त्यामुळे बॅप्टिस्ट घरातले मूलसुद्धा मंडळीचे सभासद म्हणून जन्माला येत नाही. त्याला सांगावे लागते, गोष्ट ऐकवावी लागते, आणि मग वाट पाहावी लागते. स्वतःचे मूल आणि गल्लीतले परके मूल यांच्यात या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही. मुलांना बाप्तिस्मा न देणाऱ्या या पंथातले लोक मुलांच्या शाळेच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतात, याचे मूळ मला तरी इथेच दिसते.

त्यांच्यातला पहिला आपल्याला लंडनमध्ये भेटतो. रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रमालकाने १७८० मध्ये ग्लॉस्टर शहरात रविवारची शाळा सुरू केली, हे बहुतेक पुस्तकांत सापडते. टाचण्यांच्या कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या मुलांना रविवार तेवढा मोकळा असे आणि तो दिवस ती रस्त्यावर घालवत. रेक्सने बायकांना पगार देऊन या मुलांना अक्षरे आणि प्रश्नोत्तरे शिकवायला लावली. पण रेक्स हा एका गावाचा माणूस होता. त्याची कल्पना साऱ्या देशात नेण्यासाठी १७८५ मध्ये लंडनला संडे स्कूल सोसायटी उभी केली ती विल्यम फॉक्स नावाच्या कापडव्यापाऱ्याने, आणि तो बॅप्टिस्ट मंडळीचा डीकन होता. गरिबाच्या प्रत्येक मुलाला बायबल स्वतः वाचता यावे, हा त्याचा ध्यास. म्हणजे ही शाळा आधी अक्षरओळखीची होती, धर्मशिक्षण त्या ओळखीतून पुढे जायचे होते. आणि ती मुलाच्या मोकळ्या वेळेत भरत होती. मोकळा वेळ कुठे आहे ते शोधायचे आणि तिथे शाळा मांडायची, हा धागा आपण हातात धरून ठेवू.

ही रविवारची शाळा भारतात आली तीही बॅप्टिस्टांच्याच हातून. विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात उतरला आणि १८०० पासून श्रीरामपूरला राहिला. मराठी वाचकाने या माणसाचे नाव विसरू नये. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवताना त्याने वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये मराठीत आले, नवा करार १८११ मध्ये पुरा झाला. पुढे ‘सिंहासनबत्तिशी’ आणि ‘हितोपदेश’ही त्याच छापखान्यातून मोडी लिपीत निघाले. ज्या वेळी पुण्यात पेशवाई नांदत होती, त्या वेळी मराठी गद्याची पहिली छापील पुस्तके हुगळीच्या काठी एका बॅप्टिस्ट छापखान्यात तयार होत होती. त्याच श्रीरामपुरात १८०३ मध्ये केरीच्या मंडळींनी मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. भारतातली ही पहिली समजली जाते.

इथे इतिहासाला एक फाटा फुटतो आणि त्याचे एक टोक मुंबईला येते. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. दोन जहाजांनी ते कलकत्त्याकडे निघाले. त्यांच्यातला ॲडोनिराम जडसन वाटेत बायबल वाचता वाचता बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर अडला, कलकत्त्याला पोहोचल्यावर बॅप्टिस्ट झाला आणि पुढे ब्रह्मदेशात गेला. ल्यूथर राइस त्याच्यामागून बॅप्टिस्ट झाला, अमेरिकेला परतला आणि गावोगाव फिरला. त्यातून १८१४ मध्ये अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची पहिली देशव्यापी मिशनसंघटना उभी राहिली. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मात्र मूळच्याच पंथात राहिले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. एका दीक्षाविधीतून निघालेल्या या दोन शाखा. एकीने अमेरिकन बॅप्टिस्टांना घराबाहेर पाहायला शिकवले, दुसरीने मराठी मुलांसाठी शाळा काढल्या.

मराठी शाखेचे काम मोठे आहे आणि ते थोडक्यात सांगताना हात आखडतो. मुंबईत मुलांच्या मोफत शाळा, १८२४ मध्ये मुलींची शाळा, १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरर यांनी आधी मुंबईत आणि मग अहमदनगरला मुलींसाठी दिलेले आयुष्य, १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या लेखणीचा लाभ या मासिकाला झाला आणि मराठी ख्रिस्ती घरांतल्या मुलांना आपल्या बोलीच्या चालीवर गाता येईल अशी पदे मिळाली. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी बायबलातली आख्याने कीर्तनात लावली. परदेशी सुरांची भाषांतरित गीते आणि टाळ-मृदंगावरची आख्याने यांत मुले कशाकडे ओढली जात असतील, हे सांगायला नको. रविवारची शाळा इथे ‘शब्बाथशाळा’ झाली, आणि १८७६ मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन होऊन देशभरच्या अशा शाळा एका धाग्यात आल्या.

या सगळ्यावर एक सावलीही होती आणि ती लपवून हा मागोवा प्रामाणिक होणार नाही. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता, आणि धाकटा श्रीपतही मिशनरींच्या घरी राहू लागला होता. न्यायालयाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मग त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावर वाद पेटला आणि बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले. मूल कुणाचे, त्याला काय शिकवायचे हे कुणी ठरवायचे, आईबापांची संमती कुठे लागते, हे प्रश्न तेव्हापासून मराठी समाजात जागे आहेत. आजही परक्या घरचे मूल आपल्या मांडवात बसवण्याआधी त्याच्या आईला विचारले पाहिजे. ज्या शाळा हे करतात त्यांच्याविषयी मला आदर आहे, जिथे हे होत नाही तिथे ती शाळा भरवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपण सुट्टीकडे वळू. उन्हाळ्याची सुट्टी ही निसर्गाने दिलेली गोष्ट नव्हे. जे मूल शेतात, कारखान्यात किंवा आईच्या पाठीशी राबते त्याला सुट्टी नसते. सुट्टी असण्यासाठी आधी शाळा असावी लागते. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत शालेय शिक्षण सक्तीचे होत गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५२, न्यूयॉर्क राज्यात १८७४, इंग्लंडात १८८०. आपल्याकडे बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुले वर्षभर वर्गात बसू लागली आणि त्याबरोबर दोन-अडीच महिन्यांचा एक रिकामा पट्टा दरवर्षी उघडा पडू लागला. रेक्सच्या काळी मुलाचा मोकळा वेळ रविवारी होता. शंभर वर्षांनी तो उन्हाळ्यात साठू लागला.

तो पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आला, याची दोन-तीन चित्रे आपल्यासमोर आहेत, आणि त्यांतले सर्वांत देखणे समुद्रकिनाऱ्यावरचे आहे. १८६७ मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागात जोसाया स्पायर्स याने एका घराच्या दिवाणखान्यात मुलांची सभा घेतली. मोठ्यांचे प्रवचन मुलांना ऐकवण्याऐवजी मुलांशी मुलांसारखे बोलावे, एवढीच त्याची कल्पना होती. पुढच्या उन्हाळ्यात तो वेल्समधल्या लॅन्डडनो गावी सुट्टीला गेला होता. किनाऱ्यावर मुले खेळत होती. त्याने वाळूत ‘देव प्रीती आहे’ अशी मोठी अक्षरे कोरली आणि मुलांना ती खडे, शिंपले, शेवाळ यांनी सजवायला सांगितली. सजवून झाल्यावर त्याने गोष्ट सांगितली. यातून चिल्ड्रन्स स्पेशल सर्व्हिस मिशन ही संस्था वाढली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती भारतातही आली. हाताला काम दिले की कान आपोआप उघडतात, ही गोष्ट स्पायर्सला त्या वाळूत उमगली. अर्नाळ्याच्या किंवा भुईगावच्या किनाऱ्यावर शिंपले वेचणारी मुले ज्याने पाहिली आहेत, त्याला त्या दिवसाचे दृश्य डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत.

अमेरिकेत बॉस्टनच्या फर्स्ट चर्चने १८६६ मध्येच सुट्टीतली शाळा भरवून पाहिली होती. १८९४ मध्ये इलिनॉय राज्यातल्या होपडेल या छोट्या गावात मिसेस डी. टी. माइल्स या शिक्षिकेला वाटले की रविवारच्या एका तासात बायबल शिकवून होत नाही. तिने उन्हाळ्यात चार आठवडे रोज शाळा भरवली. चाळीस मुले आली, वर्ग गावच्या शाळेच्या इमारतीत बसले आणि मधली सुट्टी शेजारच्या बागेत झाली. ही आजच्या उन्हाळी शाळेची सख्खी मोठी बहीण. पण होपडेलची गोष्ट होपडेलमध्येच राहिली. खेड्यातल्या मुलांना उन्हाळ्यात करायला पुष्कळ असते. खरी निकड दुसरीकडे होती.

ती होती न्यूयॉर्कच्या पूर्व भागात. १८९० च्या दशकात तिथल्या उंच, अंधाऱ्या, कोंदट भाड्याच्या इमारतींत युरोपातून आलेली स्थलांतरित कुटुंबे दाटीने राहत होती. घरात बसवत नसे, म्हणून मुले रस्त्यावर. शहरातल्या गरिबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने १८९४ पासून शाळांच्या इमारतींत सुट्टीतले वर्ग चालवले होते आणि १८९८ मध्ये शहराच्या शिक्षण मंडळाने ते आपल्याकडे घेतले. म्हणजे हवेत ही कल्पना होतीच. त्याच १८९८ मध्ये एपिफनी बॅप्टिस्ट चर्चच्या मुलांच्या विभागाची प्रमुख एलिझा हॉज या मुलांकडे पाहत होती. रविवारी चर्चमध्ये येणारी मुले वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी, हे तिला दिसत होते. रस्त्यावरच्यांना बोलवायचे तर त्यांच्याच वस्तीत जागा हवी. वस्तीत मिळाली ती एका गुत्त्याची. तिने ती भाड्याने घेतली आणि जुलैमध्ये तिथे ‘रोजची बायबल शाळा’ सुरू केली. सहा आठवडे. प्रार्थना, गाणी, गोष्ट, पाठांतर, आणि त्याबरोबर हातकाम, चित्रे आणि खेळ.

पुढच्या वर्षी जे घडले ते मला या सबंध इतिहासातले सर्वांत बोलके वाटते. गुत्त्यात बायबल शिकवण्यापेक्षा चर्चची चांगली इमारत असताना तिथेच शाळा भरवावी, असे ठरले. शाळा चर्चमध्ये हलली आणि मुले यायची थांबली. भव्य दार, स्वच्छ फरशी, रंगीत काचा, आणि त्या पायऱ्या चढताना अंगावरच्या मळक्या सदऱ्याची जाणीव. मूल काय समजते ते समजून गेले. थोड्याच दिवसांत एलिझाबाईंनी शाळा पुन्हा वस्तीजवळ, गुत्त्याच्या आसपास नेली, आणि मुले परत आली. त्यांनी हे काम पुढेही चालू ठेवले. जुन्या नोंदींत त्या बहुधा ‘मिसेस वॉकर आयलेट हॉज’ म्हणून, म्हणजे डॉक्टर नवऱ्याच्या नावाने सापडतात; होपडेलच्या शिक्षिकेचेही तसेच, ‘डी. टी.’ ही आद्याक्षरे तिची की नवऱ्याची हे वाचणाऱ्याला कळत नाही. आपल्याकडच्या जुन्या देणगीफलकांवर ‘अमुकरावांची पत्नी’ एवढेच कोरलेले पाहून जे वाटते, तेच इथे वाटते. ज्यांनी दार उघडले त्यांचे नाव नीट लिहून ठेवायला हवे होते.

बाईंनी शाळा घडवली. तिची चळवळ केली रॉबर्ट बोव्हिल यांनी. न्यूयॉर्कमधल्या बॅप्टिस्ट शहर-मिशनचे ते कार्यवाह. १९०१ मध्ये हॉजबाईंची शाळा त्यांच्या पाहण्यात आली आणि त्यांनी सरळ हिशेब मांडला: उन्हाळ्यात चर्चच्या इमारती रिकाम्या, धर्मशास्त्राचे विद्यार्थी रिकामे आणि मुलेही रिकामी, तिन्ही रिकामपणे एकत्र आणले तर? युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना त्यांनी शिक्षक नेमले आणि दुसऱ्या बॅप्टिस्ट मंडळ्यांना शाळा भरवायला लावले. एका उन्हाळ्यात अशा सतरा शाळा चालू होत्या. त्यांत कॅथलिक आणि ज्यू घरांतली मुलेही येत, टोपल्या आणि झोळणे विणत, शिवणकाम शिकत. १९०७ मध्ये बोव्हिल यांनी हे काम बॅप्टिस्टांच्या कुंपणाबाहेर, सर्व पंथांसाठी न्यायला सुरुवात केली. १९११ मध्ये ‘डेली व्हेकेशन बायबल स्कूल असोसिएशन’ स्थापन झाली आणि १९२२ मध्ये तिची जागतिक संघटना. नावातला ‘डेली’ पुढे गळून पडला आणि व्ही.बी.एस. ही तीन अक्षरे उरली.

यानंतर शाळेच्या आत एक ओढाताण सुरू झाली. पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर गावचे प्रेस्बिटेरियन पाळक ए. एल. लेथम यांना टोपल्या विणण्यात वेळ घालवणे पसंत नव्हते. १९१२ मध्ये त्यांनी आपली उन्हाळी शाळा काढली ती बायबलच्या अभ्यासाची; इयत्ता, गृहपाठ, परीक्षा सगळे रीतसर. एकीकडे हात, दुसरीकडे पाठांतर. हा वाद मिटवण्याचे काम पुस्तकांनी केले. १९२३ मध्ये सिनसिनाटीच्या स्टँडर्ड पब्लिशिंगने पुरा अभ्यासक्रम छापून बाजारात आणला. १९२४ मध्ये दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांच्या संडे स्कूल मंडळाने नॅशव्हिलला व्ही.बी.एस.चा स्वतंत्र विभाग काढून होमर ग्राइस यांच्या हाती दिला. जॉर्जियातल्या वॉशिंग्टन गावी पाळक असताना त्यांनी अशी शाळा स्वतः चालवली होती. वयाप्रमाणे गट, प्रत्येक गटाचे पुस्तक, रोजचे वेळापत्रक. या छापील पुस्तकांमुळे शाळा कुठल्याही गावी, फारशी तयारी नसलेल्या शिक्षकालाही चालवता येऊ लागली. लाभ मोठा झाला. पण एलिझा हॉजने गुत्त्यातल्या मुलांकडे पाहून जे ठरवले होते ते आता नॅशव्हिलच्या टेबलावर ठरू लागले, हे नुकसानही आपण नोंदवले पाहिजे.

महाराष्ट्रात बॅप्टिस्ट थोडे. त्यांची वस्ती ठळकपणे दिसते ती वऱ्हाडात. मेळघाटाच्या पायथ्याशी अचलपूर परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोरकूंमध्ये काम करणारे एक मिशन होते आणि १९४५ च्या सुमारास ते अमेरिकेतल्या कंझर्व्हेटिव्ह बॅप्टिस्टांकडे आले. १९५१ च्या जानेवारीत अकोल्याला इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया स्थापन झाली. पुढे तिच्या ख्रिस्ती शिक्षण विभागाने भारतीय भाषांतून संडे स्कूल आणि उन्हाळी शाळांची पुस्तके सातत्याने काढली. इथे वेळापत्रक आपल्या ऋतूला जुळवले गेले. न्यूयॉर्कचा जुलै-ऑगस्ट आपल्याकडे लावणीचा काळ. आपली मोकळीक एप्रिलच्या परीक्षेनंतर, पाऊस आणि शाळा येईपर्यंतची. त्यातही मुलांना मामाच्या गावाची ओढ असते, म्हणून सहा आठवड्यांची शाळा आक्रसून आठ-दहा दिवसांची झाली.

वसई-विरारमध्ये ही शाळा आली ती वस्तीबरोबर. पश्चिमेचा पापडी, निर्मळ, नंदाखाल हा पट्टा जुन्या कॅथलिक गावांचा. तिथे मुलांचे धर्मशिक्षण धर्मग्रामाच्या चौकटीत चालते. पूर्वेकडे सातिवली, वालीव, कामण या बाजूला कारखाने आणि गाळे आले, त्यांच्यामागून चाळी आल्या. मराठवाड्यातून, उत्तरेतून, दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांच्या लहान मंडळ्या भाड्याच्या खोलीत, दुकानाच्या गाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये भजनाला जमू लागल्या. जागेची निवड गरजेतून झाली, पण ती न्यूयॉर्कच्या त्या भाड्याच्या जागेची नात्यातली आहे. उंच पायऱ्या नाहीत, रंगीत काचा नाहीत. शेजारचे मूल चपला काढून सहज आत येते.

या मागोव्यात आणखी एका घराण्याची नोंद करावी लागेल. ते ख्रिस्ती नाही, पण याच जिल्ह्यातले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. हरिजनवाड्यातली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाला मिळाला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणारी वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा गुरांमागे कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ झाली. १९९० च्या दशकात वसई तालुक्यातल्या उसगावच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी त्यांच्या भोंग्यांतच, म्हणजे भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपड्यांतच, ‘भोंगाशाळा’ चालवल्या. मजूर कुटुंब दिवाळीनंतर पाडा सोडून भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. त्या मुलाला शाळा नाही, म्हणून सुट्टीही नाही. अनुताई आणि एलिझाबाई यांना एकमेकींची नावेही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी दोघी एकाच अडचणीपाशी येऊन पोहोचल्या आणि दोघींनी एकच वाट काढली.

कामणच्या आसपास मे महिन्यात भट्ट्या पेटलेल्याच असतात. सुट्टीतल्या शाळेला चाळीतली मुले येतात, गाळ्यांत काम करणाऱ्यांची येतात, रिक्षावाल्यांची येतात. भट्टीवरची मुले त्या वेळी कच्च्या विटा उलटत असतात. त्यांच्याकडे जायचे तर सकाळची वेळ चालत नाही, ऊन उतरल्यावर जावे लागते. मांडव नाही, चटई नाही, आणि छापील पुस्तकातले रोजचे वेळापत्रक तिथे कामाचे नाही. हातकामाला मात्र माती भरपूर असते.

उन्हाळी शाळेच्या पहिल्या सकाळी नऊच्या आधी शिकवणारी एखादी ताई चाळीतून एक फेरी मारते. मुले उठलेली असतात, पण ‘ताई बोलवायला आली’ असे झाल्याशिवाय निघत नाहीत. ती प्रत्येक दाराशी थांबते, आत डोकावून आईला विचारते, ‘पाठवता ना?’, आणि मागे मुलांची रांग वाढत जाते.